बालवर्ग बदलताना: जून ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

१६ जून २०२५

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा बालवर्ग भरतो. यंदा तीन ते साडेचार वर्षांची बावीस मुले आहेत, मोठी माणसे म्हणजे मी आणि एक मदतनीस मावशी, आणि वेळ सकाळी नऊ ते बारा. गेल्या वर्षी मुलांना आवरण्यासाठी आवाज चढवणे, कोपऱ्यात उभे करणे आणि ‘आईला नाव सांगेन’ असे बजावणे हे तीन उपाय सर्रास वापरले गेले. दिवाळीपर्यंत त्यांचा थोडाफार धाक होता. फेब्रुवारीत कोपऱ्यात उभे केलेले मूल तिथूनच इतरांना हसवत असे. या वर्षी हे तिन्ही उपाय बंद करून वर्ग चालवायचा आहे. असाच बदल करू पाहणाऱ्या इतर बालवाडीताईंना उपयोग व्हावा म्हणून काय केले, काय फसले आणि किती पैसे गेले हे इथे लिहून ठेवत आहे. मुलांची नावे कुठेही लिहिणार नाही.

पहिले दोन आठवडे रुळण्याचे असतात. निम्मी मुले आईचा पदर सोडायला तयार नसतात, त्यामुळे या काळात नवे काहीही सुरू करायचे नाही, फक्त पाहायचे आणि टिपायचे, असे ठरवले आहे. एक गोष्ट मात्र आजपासूनच थांबवली. रडणाऱ्या मुलाला ‘रडलास तर आई न्यायला येणार नाही’ असे सांगण्याची जुनी पद्धत आहे, आणि आई येणार नाही हीच मुलाची मुळातली भीती असल्याने तिला आपणच दुजोरा देतो. त्याऐवजी ‘आधी गाणी, मग डबा, मग गोष्ट, आणि गोष्ट झाली की आई’ असे दोघींनीही सांगायचे. मुलाचे लक्ष नसताना गुपचूप सटकणाऱ्या पालकांनाही निरोप घेऊनच जायला सांगितले आहे. त्याने दारातले रडणे वाढते, पण दिवसभर दाराकडे पाहत बसणे कमी होते. आजोबा मंडळींना हे पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण नातवाचे रडे ऐकून त्यांचाच पाय निघत नाही.

२३ जून

शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात आल्या. दर्शनाला गेलेली कुटुंबे आणि बंद रस्ते यांमुळे वर्गात जेमतेम आठ मुले होती. मुद्दाम ठरवून केला नसता असा प्रयोग त्या दिवशी आपोआप झाला. डब्याआधी हात धुताना रोज जी ढकलाढकली, केस ओढणे आणि पाणी उडवणे चालते, त्यातले काहीही घडले नाही. उपस्थितांमध्ये ‘दांडगट’ म्हणून आम्ही मनोमन नोंद केलेली दोन मुलेही होती, आणि ती नळापाशी शहाण्यासारखी उभी होती. आज सगळी मुले परत आली आणि ढकलाढकलीही परत आली. तेव्हा खोड मुलात शोधण्याआधी नळाकडे पाहायला हवे, हे वहीत ठळक लिहून ठेवले.

३० जून

निरीक्षणाची वही अशी आखली आहे: वेळ, जागा, आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर मोठ्यांनी काय केले. ‘हट्टीपणा केला’, ‘मस्ती केली’ असे शब्द लिहायचे नाहीत, जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदींत ‘उगाचच मारले’ हे शब्द वारंवार आले होते आणि त्या नोंदींचा काहीही उपयोग झाला नाही, कारण ‘आधी काय घडले’ हा रकाना रिकामा होता. मारामारी सुरू झाल्यावर मान वर करून पाहिले, तर आधीचे काही दिसणारच नाही. म्हणून खेळाच्या वेळेत एकीने फक्त पाहत बसायचे अशी वाटणी केली. मावशींना सुरुवातीला हे कामचुकारपणाचे वाटले.

वही चाळल्यावर जे दिसले ते असे. निम्म्याहून अधिक भांडणे दोन वेळांना होतात: हात धुण्याच्या रांगेत, आणि घरी जाण्याआधी दप्तरे अडकवून बसवल्यावर. या दोन्ही वेळांत मुलांना करायला काहीच नसते. खेळाच्या तासातील बहुतेक भांडणे ठोकळ्यांच्या कोपऱ्यात आणि एका लाल ट्रकवरून होतात. गोष्टीच्या वेळी मागे बसणाऱ्या मुलांना चित्र दिसत नाही, म्हणून ती उठतात, आणि उठली की आम्ही ओरडतो. स्वभावाचा म्हणावा असा भाग या यादीत फारच थोडा उरला.

७ जुलै

हात धुणे. हिशेब मांडून पाहिला तो असा. साबण लावून, फेस न्याहाळून, हात पुसून होईपर्यंत एका मुलाला साधारण एक मिनिट लागते. नळ दोन आहेत, म्हणजे शेवटच्या मुलाला दहा-अकरा मिनिटे रांगेत उभे राहावे लागते. तीन वर्षांच्या मुलाकडून, तेही भूक लागलेली असताना, ही अपेक्षा करणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे होय.

आधी रांग शिस्तीत लावण्याचा उपाय करून पाहिला. फरशीवर रंगीत पट्टीची पावले चिकटवली, एकेका पावलावर एकेक मूल. दोन दिवस मुलांना गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी ‘हे माझे पाऊल’ यावरून नवेच भांडण सुरू झाले, आणि ओल्या फरशीवर पट्ट्या सुटून पायांना चिकटू लागल्या. पट्टीचे १८० रुपये गेले, शिवाय फरशीवरचा डिंक खरवडण्यात एक संध्याकाळ गेली.

नंतर रांगच काढून टाकली. बोहरी आळीतून तोटी बसवलेले वीस लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप ४५० रुपयांना आणले आणि ते खिडकीखाली स्टुलावर ठेवून खाली बादली लावली, त्यामुळे तिसरा नळ मिळाला. इतर सर्व मुले सतरंजीवर गाणी म्हणत बसतात आणि मावशी गाण्यातच नावे घेऊन एका वेळी तिघांना उठवतात. आपले नाव कधी येते इकडे मुलांचे कान लागलेले असतात, त्यामुळे वाट पाहण्याचाच खेळ झाला आहे. नळ उंच असल्याने लहान मुलांचे कोपरापर्यंत हात भिजत आणि बाही ओली झाली की रडे सुरू होई. त्यासाठी सुताराकडून प्लायवूडच्या दोन चौरंगवजा पायऱ्या करून घेतल्या. त्याने नऊ इंचांची उंची धरली आणि मुले वरून डगमगू लागली, म्हणून त्या सहा इंचांवर कापून घेतल्या आणि खाली रबराचे बूच बसवले. दुसऱ्या मजुरीसह १,४०० रुपये झाले. उंची आधी मुलाला उभे करून मोजावी, तोंडी सांगू नये.

आता हात धुण्याला एकूण वेळ पूर्वीइतकाच लागतो, किंबहुना एखादे मिनिट जास्तच. ढकलाढकली मात्र क्वचितच होते.

१६ जुलै

बोलण्याची पद्धत. एक दिवस फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून आमचेच बोलणे घरी ऐकले. ‘धावू नको’, ‘ओढू नको’, ‘सांडू नको’, ‘तोंडात घालू नको’ यांची नुसती सरबत्ती होती, आणि त्या जागी काय करायचे हे एकाही वाक्यात नव्हते. धावणाऱ्या मुलाला ‘धावू नको’ म्हटले की त्याच्या कानावर आधी ‘धावू’ पडते, आणि पुढे पायांचे काय करायचे ते त्याचे त्यानेच ओळखायचे असते. दोघींनी मिळून कागदावर पर्याय लिहिले आणि तो कागद मुलांसाठी नव्हे, तर आमच्यासाठी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. ‘धावू नको’ ऐवजी ‘वर्गात चालायचे, अंगणात धावायचे’. ‘ओरडू नको’ ऐवजी ‘माझ्या कानाशी येऊन सांग’. ‘पुस्तक फाडू नको’ ऐवजी ‘पान कोपऱ्यातून धर, असे’, आणि तसे धरून दाखवायचे.

मावशींचा आक्षेप रास्त होता. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमचं वाक्य पुरं होईस्तोवर पोरगं खिडकीवरून खाली आलेलं असेल.’ म्हणून धोक्याच्या वेळेसाठी ‘थांब!’ हा एकच शब्द राखून ठेवला. तो एरवी कुणीही वापरायचा नाही, आणि अंगणात ‘थांब’चा खेळ खेळून मुलांना तो ऐकताच पुतळा होण्याची सवय लावायची. हा खेळ मुलांना फार आवडला. शब्दाची धार मात्र टिकवावी लागते. मधल्या काळात मी डबा सांडताना, रंग उडताना असा कुठेही ‘थांब’ म्हणू लागले होते आणि मुले वळूनही पाहीनाशी झाली. पुन्हा तो केवळ खिडकी, फाटक आणि विजेचा बोर्ड यांच्यापुरताच ठेवला.

याच यादीत प्रश्नांचाही समावेश करावा लागला. ‘डबा खायचा का?’ असे विचारल्यावर ‘नाही’ हे उत्तर मिळाले, तर ते उद्धटपणाचे नसते, विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर असते. जिथे ‘नाही’ चालणार नाही तिथे प्रश्न विचारायचा नाही. ‘डब्याची वेळ झाली. लाल सतरंजीवर बसतोस की निळ्या?’ असे दोन खरेखुरे पर्याय द्यायचे. ‘नीट बस, नाहीतर बाहेर जा’ हा पर्याय नव्हे, ती धमकी आहे, आणि हा फरक मुलांना आमच्याआधी कळतो.

२८ जुलै

ताऱ्यांचा तक्ता फसला. खेळणी जागेवर ठेवणाऱ्या मुलाच्या नावापुढे चकचकीत तारा, अशी योजना होती. अप्पा बळवंत चौकातून ताऱ्यांची पाकिटे आणि कार्डशीट मिळून ३२० रुपयांचे साहित्य आणले. पहिला आठवडा असा सुरेख गेला की तक्त्याचा फोटो शेजारच्या बालवर्गाच्या ताईंनाही पाठवला. दुसऱ्या आठवड्यात ठोकळा हातात घेऊनच ‘तारा देणार का?’ असे विचारणे सुरू झाले. तारे संपलेल्या दिवशी खेळणी तशीच पसरलेली राहिली. ज्या मुलाच्या नावापुढे सर्वांत कमी तारे होते, त्याने एके दिवशी शांतपणे खुर्ची लावली आणि आपली ओळ फाडून घेतली. तक्त्याचा त्याच्यापुरता अर्थ त्याने बरोबर ओळखला होता.

बक्षिसाची ही बाजू काही नवी नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितलेली मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रकलेकडे कमी वळली. प्रमाणपत्र अचानक मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी शिक्षेबरोबर बक्षीसही बाजूला ठेवले होते, आणि तारा फुकट वाटता येतो म्हणून तो स्वस्त ठरत नाही हे बालवाडीचे काम करणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

तक्ता उतरवला. त्याऐवजी प्रत्येक टोपलीवर आत काय ठेवायचे त्याचा फोटो चिकटवला (छपाई आणि लॅमिनेशन ४१० रुपये), आणि टोपल्या वीसवरून बारावर आणल्या. पसारा कमी असेल तर आवरणेही कमी असते. ‘शाब्बास, गुणी बाळ’ ऐवजी जे पाहिले ते सांगतो: ‘तू सगळी झाकणे डब्यांना लावलीस.’ एका मुलीने यावर वळून ‘आणि हे पण’ म्हणत पलंगाखाली गेलेले झाकण ओढून आणले. खेळण्यातल्या भातुकलीचा तो पलंग चार इंच उंच आहे. त्याखाली हात घालायला तिला फरशीवर गाल टेकावा लागला होता.

८ ऑगस्ट

चावण्याची नोंद सविस्तर करते, कारण याच विषयावर इतर ताईंकडून सर्वाधिक विचारणा होते आणि याच विषयात सर्वाधिक घबराट होते.

सव्वातीन वर्षांचा एक मुलगा जुलैच्या मध्यापासून चावू लागला. तीन वर्षांच्या आसपास हे वर्गात घडतेच, त्याचा अर्थ मूल वाईट आहे असा नसतो. पण ज्याच्या दंडावर दातांचे वळ उमटले आहेत त्याच्या घरी हे सांगून भागत नाही. आम्ही आधी जे केले ते असे: चावणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन समजावणे, ‘बघ, त्याला किती दुखले’ असे दाखवणे, आणि ‘सॉरी म्हण’ असा आग्रह धरणे. या सर्व काळात आमचे दोघींचे लक्ष चावणाऱ्याकडे, आणि चावा बसलेले मूल एकटे रडत उभे. शिवाय त्याला ‘सॉरी’ हा शब्द इतका सरावाचा झाला की एकदा त्याने आधी ‘सॉरी’ म्हटले आणि मग चावला.

आता क्रम उलटा केला आहे. चावा बसलेल्या मुलाला आधी जवळ घ्यायचे, जागा साबण-पाण्याने धुवायची, गार पाण्याचा कपडा ठेवायचा, आणि कातडी फुटली असेल तर पालकांना लगेच कळवून डॉक्टरांना दाखवायला सांगायचे. चावणाऱ्या मुलाला एकच वाक्य, खालच्या पण ठाम आवाजात: ‘चावल्याने दुखते. मी चावू देणार नाही.’ व्याख्यान नाही. दोघे शांत झाल्यावर ‘त्याला बरे वाटायला आपण काय करूया?’ असे विचारायचे. या मुलाला ओला कपडा आणून देणे आवडले, आणि आता कुणीही पडले की तो मोरीकडे धावतो.

हे झाले चाव्यानंतरचे. खरे काम आधीचे आहे, आणि तिथे वही कामी आली. चावे जवळजवळ सगळे ठोकळ्यांच्या कोपऱ्यात, डब्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, आणि कुणीतरी पाठीमागून अगदी जवळ आल्यावर झाले होते. हा मुलगा बोलतो कमी. दोन शब्दांपुढे वाक्य जात नाही. कुणी ट्रकला हात लावला की त्याच्याकडे शब्द नसतो, दात असतात. मग तीन बदल केले. कोपऱ्याचे तोंड अरुंद होते, तिथली फळी सरकवून दोन बाजूंनी ये-जा करता येईल असे केले. डबा वीस मिनिटे अलीकडे आणला. आणि ठोकळ्यांच्या वेळेत मी त्याच्या हाताच्या अंतरावर बसून त्याचे शब्द त्याला पुरवू लागले: ‘माझे आहे’, ‘मला दे’, ‘सरक’. ‘सरक’ हा शब्द त्याने सर्वांत आधी उचलला, कदाचित तो सर्वांत उपयोगी असल्यामुळे. आईशी बोलून त्याची श्रवणतपासणी करून घेण्याचे सुचवले. ऐकणे ठीक निघाले, वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट पुढील महिन्यात आहे.

या काळात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाने. एका आजींनी वळाचा फोटो टाकला, दुसऱ्यांनी नाव विचारले, तिसऱ्यांनी ते सांगितले, आणि ‘दोन ठेवून दिल्या की बरोबर समजतं’ इथपर्यंत गाडी गेली. चावणाऱ्या मुलाच्या आईने दोन दिवस त्याला पाठवले नाही. मी प्रत्येक घरी स्वतंत्र फोन केला, त्यात शनिवार-रविवार गेले. तेव्हापासून नियम असा: कोण चावले हे दुसऱ्या पालकांना सांगायचे नाही, दोन्ही घरांना त्याच दिवशी तोंडी कळवायचे, आणि कोणत्याही मुलाविषयीचे बोलणे गटावर करायचे नाही. हा नियम प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यायला हवा होता. मुले घाबरवून आवरत नाहीत हे पालकांना पटो वा न पटो, वर्गात मारले जाणार नाही हे त्यांना सुरुवातीसच माहीत असले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. जे सहा वर्षांच्या मुलाला चालत नाही ते तीन वर्षांच्या मुलाला कसे चालेल, हा माझा त्या आजींना प्रश्न होता. त्यांना तो फारसा आवडला नाही, पण गटावरचा फोटो त्यांनी काढला.

२५ ऑगस्ट

लाल ट्रक. ‘वाटून खेळा’ या उपदेशाचा तीन वर्षांच्या मुलावर परिणाम होत नाही, कारण ट्रक वाटून घेता येत नाही. तो एकाकडे असतो किंवा दुसऱ्याकडे. पहिला उपाय तुळशीबागेत सापडला: तसाच दुसरा ट्रक, १६० रुपये. पाळीसाठी तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आणले, आणि मग पाळी ट्रकची नव्हे, घड्याळाची लागली. ज्याच्या हाती घड्याळ तो राजा, आणि बाकी सगळे त्याच्यामागे. ते उलटेसुलटे करून वेळेचा पार बोजवारा उडाला. शेवटी घड्याळ खिडकीच्या उंच कठड्यावर ठेवले, जिथून ते दिसते पण हात पोहोचत नाही. ‘वाळू संपली की तुझी पाळी’ हे मुलांना ‘पाच मिनिटांनी’पेक्षा पुष्कळ कळते. घसरगुंडीवरून उतरवताना तर वाळूचीही गरज नाही, ‘अजून दोनदा, मग आत’ पुरते.

शांत कोपऱ्याविषयी थोडक्यात. गोधडी, उश्या आणि चमकीच्या पाण्याची बाटली ठेवून कोपरा केला, आणि आठवड्याभरात आम्ही दोघी ‘जा, शांत कोपऱ्यात जाऊन बस’ म्हणू लागलो. गेल्या वर्षीचा शिक्षेचा कोपरा उश्या लावून परत आला, एवढेच झाले. आता तिथे कुणालाही पाठवायचे नाही. ‘माझ्याबरोबर येतेस का?’ असे विचारून आपण सोबत जायचे, आणि इतर वेळी आम्हीही तिथे बसून पुस्तक वाचायचे. चमकीची बाटली गळून गोधडी खराब झाली. झाकण घट्ट लावणे पुरेसे नाही, आतून चिकटद्रव लावून वर रुंद टेप गुंडाळावी लागते.

९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा जूनमधल्या अवस्थेत गेला. ढोलपथकांचा सराव नदीपात्रात दोन महिने चालूच होता, त्यात दहा दिवस रात्री उशिरापर्यंत देखावे, आणि शनिवारी विसर्जन. सोमवारी साडेदहालाच तीन मुले सतरंजीवर झोपली, उरलेली रडकी, आणि चावणारा मुलगा पुन्हा चावला. नवे काही शोधत बसलो नाही. नेहमीचा कार्यक्रम निम्मा केला, पाण्यात आणि मातीत खेळण्याचा वेळ वाढवला, डबा आणखी अलीकडे घेतला. वाजवायला डबे आणि लाकडी चमचे अंगणात दिले आणि ‘मिरवणूक’ काढू दिली. मुलांच्या डोक्यात तेच होते, आत बसवून ‘हाताची घडी’ केली असती तर ते दुसरीकडून बाहेर पडले असते. शेजारच्या इमारतीतून एक तक्रार आली.

पुढील वर्षी विसर्जनानंतरचे पहिले दोन दिवस अर्धाच वेळ वर्ग ठेवावा, असे व्यवस्थापनाला लिहून दिले आहे.

२२ सप्टेंबर

पालकसभा. भाषण न करता प्रत्येक घराला वहीतील एकेक प्रसंग, नाव न घेता, वाचून दाखवला आणि ‘आधी काय घडले?’ हे ओळखायला सांगितले. एका बाबांनी घरचाच प्रसंग सांगितला: मोबाइल काढून घेतला की मुलगी ताट ढकलते. आधी काय घडले याचे उत्तर त्यांच्याच तोंडून आले, की मोबाइल जेवायच्या सुरुवातीला त्यांनीच दिला होता. बहुतेक घरांतून आई किंवा आजी आली होती, बाबा मोजकेच. सायंकाळची वेळ ठेवूनही फरक पडला नाही, सिंहगड रस्त्याची साडेसहाची वाहतूक हे त्यांचे कारण खोटेही नव्हते.

घरी करण्यासाठी एकच गोष्ट सांगितली: दिवसातून दहा मिनिटे मुलाबरोबर बसायचे, खेळ मुलाने ठरवायचा, आणि त्या वेळात शिकवायचे नाही. यादी दिली असती तर एकही गोष्ट झाली नसती.

१३ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची शेवटची नोंद. आतापर्यंतचा खर्च, वर न लिहिलेली किरकोळ खरेदी धरून, ३,६०० रुपयांच्या आसपास आहे. त्यातील फरशीवरची पट्टी आणि तारे पूर्णपणे वाया गेले. सर्वाधिक उपयोगी ठरलेल्या दोन गोष्टींना, डब्याची वेळ बदलणे आणि फळी सरकवणे यांना, काहीच पैसे लागले नाहीत. चावणाऱ्या मुलाचे वाचा-उपचार सुरू झाले आहेत. तो आता ‘मला नको, सरक’ इतके एका दमात म्हणतो, आणि चुकून कधी चावतो. मावशी आता स्वतःच ‘आधी काय झालं?’ असे मला विचारतात, आणि बरेचदा उत्तरही त्यांच्याचजवळ असते.

घरी जाण्याच्या वेळेचा गोंधळ सुटलेला नाही. पावणेबाराला दप्तरे अडकवली की व्हॅनची मुले आणि पायी जाणारी मुले एकाच दारापाशी गोळा होतात, फाटकाबाहेर पालक हाका मारतात, आणि व्हॅन कधी दहा मिनिटे लवकर तर कधी वीस मिनिटे उशिरा येते. गोष्ट सांगून पाहिली, कुणी अर्ध्यात उठून जाते आणि उरलेल्यांना गोष्टीचा शेवट मिळत नाही, त्यावरून रडारड होते. गाणी त्यातल्या त्यात बरी चालतात. सुट्टीनंतर दप्तरे अजिबात आधी अडकवायची नाहीत, व्हॅनच्या मुलांना मागच्या दाराने सोडायचे, आणि पायी जाणाऱ्यांना अंगणातील मातीत खेळू द्यायचे, असे करून पाहणार आहोत. मागच्या दाराला कडी उंचावर बसवून घ्यावी लागेल. सुताराला २७ तारखेला बोलावले आहे, आणि या वेळी उंची मीच मोजून देणार आहे.